सहा मिलिमीटर

९ जानेवारी

छोट्या,

पत्र बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. तू माझा फोन उचलत नाहीस, आणि तुझ्या बायकोकडून निरोप पाठवले तर ते वाटेत इतके गोड होतात की माझे मलाच ओळखू येत नाहीत. म्हणून पत्र. वाचायचं नसेल तर वाचू नकोस, पण पाकीट फाडताना आतला फॉर्म फाडू नकोस. तो तुझ्या मुलीचा आहे.

मुलगी ठीक आहे. हॉस्टेलात जागा नाही म्हणून चार महिन्यांसाठी माझ्याकडे आली होती, त्याला आता दीड वर्ष झालं. जेवते, झोपते आणि भांडते, तिन्ही मन लावून. मी तिला वकीलबाई म्हणते. परवा गॅसवर दूध होतं. मी म्हटलं, बघ जरा, उतू जाईल. ती बघत बसली, दूध उतू गेलं, आणि मग तिने मला सांगितलं की दूध उतू जातं आणि पाणी जात नाही, याचं कारण तिला आत्ता नीट कळलं. ओटा मी पुसला. कारण मात्र तिचं बरोबर होतं.

फॉर्म कसला ते तुला माहीत आहे, तरी पुन्हा सांगते. संशोधन संस्था देशभरातून चाळीस मुलं घेते. लेखी परीक्षेत आपली सातवी आली. आता दोनच गोष्टी राहिल्या. पालकाची सही, आणि प्रॅक्टिकलचं जर्नल, प्रयोगशाळाप्रमुखाने प्रमाणित केलेलं. दोन्ही वीस फेब्रुवारीच्या आत. प्रयोगशाळाप्रमुख म्हणजे मी, तेव्हा ते सोपं आहे. अवघड आहेस तू.

मागच्या वेळी तू फॉर्म कोराच परत पाठवलास, आणि मागे पेन्सिलीने लिहिलंस, ‘त्या प्रयोगशाळेने आमच्या घरातला एक माणूस घेतला, तो पुरे.’ वाक्य चांगलं आहे. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला असं वाक्य सुचावं याचा मला हेवा वाटला. आमच्या विभागात बारा डॉक्टरेट आहेत, एकालाही सुचणार नाही. पण तू प्रॅक्टिकलमध्ये दोन मार्कांनी राहिलास त्यात प्रयोगशाळेचा दोष नव्हता. हे मी तेव्हाही सांगितलं होतं.

सही कर. उजवीकडे खाली, जिथे फुली मारली आहे तिथे.

ताई


२१ जानेवारी

छोट्या,

फॉर्म आला नाही. टपालखात्याला दोष देण्याइतकी मी भाबडी नाही.

इकडे एक भानगड झाली आहे. जर्नलमध्ये लंबकाचा प्रयोग राहिला होता. सगळ्यात सोपा, म्हणून शेवटी ठेवलेला. दोरीला गोळा टांगा, हलवा, वीस हेलकाव्यांना किती वेळ लागतो ते मोजा, आणि त्यावरून पृथ्वी आपल्याला किती जोराने ओढते ते काढा. पुस्तकात उत्तर आहे ९८०. आमच्याकडे ते प्रत्येकाचं येतं. कसं येतं ते तुला माहीत आहे: उत्तर आधी लिहायचं, मग मागे मागे जात हेलकाव्यांची वेळ काढायची, आणि खरं वाटावं म्हणून एखादा आकडा ९७८ ठेवायचा. काही मुलं तर त्या दिवशी प्रयोगशाळेत नसतात, त्यांचंही ९८० येतं. गुरुत्वाकर्षण इतकं आज्ञाधारक जगात दुसरीकडे कुठे नसेल.

तुझ्या मुलीचं ९६८ आलं.

मी म्हटलं पुन्हा घे. तिने पुन्हा घेतलं. ९६८. पंखा बंद केला, खिडकी लावली, स्टॉपवॉच बदललं. ९६८. मग मी तिला म्हटलं, हे बघ, चाळीस वेळा घेऊन चाळीस वेळा एकच चूक म्हणजे हातच तसा आहे तुझा. ९७९ लिही आणि पुढे चल, वीस तारीख जवळ आली.

ती म्हणाली, “आत्या, आकडा लिहूनच टाकायचा तर गोळा हलवायचा कशाला?”

मी रागावले. आता दोन दिवस ती माझ्याशी फक्त मीठ आणि किल्ली या विषयांवर बोलते.

पण गप्प बसण्याआधी तिने मला एक गोष्ट सांगितली. ती सात वर्षांची असताना तू तिला एका उंच इमारतीच्या लिफ्टमध्ये वजनकाट्यावर उभं केलंस आणि लिफ्ट वरखाली केलीस. काटा वर निघताना जड, खाली निघताना हलका. तिने विचारलं, मी खरी किती आहे? तू म्हणालास, लिफ्ट थांबली की बघू. मी दीड वर्ष समजत होते की तिला भौतिकशास्त्र मी शिकवते आहे. मी नुसती वह्या तपासते आहे.

ताई

ता. क. हे वाचून तुला हसू येईल, की राग, ते कळवलंस तरी चालेल.


३ फेब्रुवारी

छोट्या,

भानगडीचा उलगडा झाला, तो तुला सांगायलाच हवा.

वकीलबाईंनी दोरीची लांबी बदलून बघितली. आखूड दोरीला, पन्नास सेंटिमीटरला, ९६८ येतं. शंभरला ९७४. मी म्हटलं, बघ, आकडेही धड एक नाहीत. तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी दहावीत नापास झाले आहे. म्हणाली, “आत्या, माझा हात वाईट असता तर तो दोरीची लांबी बघून वाईट झाला नसता.”

मग तिने आलेख काढला. लांबी एका बाजूला, वेळेचा वर्ग दुसऱ्या बाजूला. सगळे ठिपके एका रेषेत, पट्टी लावावी इतके. पण अशी रेष शून्यातून जायला हवी. दोरीच नसेल तर हेलकावा कसला? हिची रेष शून्याच्या सहा मिलिमीटर अलीकडून जात होती. म्हणजे हात चांगला, घड्याळ चांगलं, पृथ्वीही ठीक. फक्त आपण जी लांबी मोजतो आहोत ती दर वेळी सहा मिलिमीटरने कमी भरते आहे.

लांबी कशी मोजतात तुला आठवत असेल. दोरी मोजायची वरून हुकाच्या टोकापर्यंत, आणि तिथून गोळ्याच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजायचं नाही. ते कपाटाच्या दाराच्या आत चिकटवलेल्या कार्डावर लिहिलेलं आहे, ते उतरवून घ्यायचं. गोळा कोणी खाली काढत नाही, कारण दोरीची गाठ आमचे परिचर, मामा, बांधतात आणि ती गाठ सुटली तर त्यांना आपली नोकरी सुटल्यासारखं वाटतं. वकीलबाईंनी मामांना चहा पाजला, त्यांच्या तीन नातवंडांची विचारपूस केली आणि गाठ सोडवून घेतली. मग बारीक मापाचा व्हर्नियर लावला. कार्डावर ३.२ सेंटिमीटर. गोळ्यावर ३.८. हूक कधीतरी बदललेला आहे, नवा लांब आहे, कार्ड जुनंच राहिलं.

मी चाट पडले. इतकी वर्षं, इतक्या वह्या, आणि कोणाच्या लक्षात नाही.

तिने दिवसभर मला आत्या अशी हाक मारली नाही, सरळ ‘अगं’ म्हणत होती, इतकी ती खूश होती. मग कार्ड बघत म्हणाली, अक्षर सुंदर आहे, कोणाचं? मी म्हटलं, असेल कोणाचं तरी.

सही कर बाबा आता. अशी मुलगी मी इतक्या वर्षांत बघितली नाही. एक बघितला होता.

ताई


५ फेब्रुवारी

छोट्या,

परवाचं पत्र पेटीत टाकून आले, पण त्यात एक गोष्ट लपवली होती.

कार्डावरचं अक्षर माझं आहे. तू ते परवाचं पत्र वाचतानाच ओळखलं असशील. तुझ्या शाळेच्या वह्यांवर नाव मीच घालत होते.

तुझ्या परीक्षेच्या पंधरा दिवस आधी गोळा पडला आणि हूक तुटला. मामांना नवा हूक डाग देऊन बसवायला मीच सांगितलं. मामा म्हणाले, ताई, लांब आहे, चालेल ना? मी म्हटलं, चालेल. कार्ड उद्या बदलते असं ठरवलं. माझी नोकरी वर्षाची, तात्पुरती. उद्या स्टॉक तपासणी होती, परवा आणखी काही.

आणि मग तू आलास. तुझं ९६८ आलं. तू एकोणीस वर्षांचा होतास आणि तुझ्या बाहीला शाई लागली होती. तू म्हणालास, “ताई, गोळा खाली काढून मोजूया का?”

मी काय म्हटलं ते तुला आठवतं, मलाही आठवतं. बाकी सगळ्यांची उत्तरं बरोबर येतात ती काय गोळा काढून, तुझा हातच तसा आहे, असं म्हटलं. सगळ्यांसमोर म्हटलं. भावाला झुकतं माप दिलं असं कोणी म्हणू नये म्हणून जरा मोठ्यानेच म्हटलं. तुझ्या जर्नलवर लाल शाईने ‘निष्काळजी’ लिहिलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तो शब्द वाचला आणि मार्क कापले. त्यांनी गोळ्याकडे नाही, माझ्या शेऱ्याकडे बघितलं.

तुझं जर्नल माझ्याकडे आहे. रद्दीत जाणार होतं, मी उचलून आणलं. काल काढलं. पन्नासला ९६८. शंभरला ९७४. तुझ्या मुलीचे आकडे आणि तुझे आकडे शेजारी ठेवले तर एकाच माणसाने एकाच दुपारी घेतल्यासारखे दिसतात.

आता इथे थांबले असते तर मी वाईट नशिबाची, कामसू, थोडी कडक बहीण ठरले असते. थांबायचा मोह झाला. पत्र घडी घालून पाकिटात घातलंही होतं.

पण मी चाट पडले हे खोटं आहे. तुझ्या निकालानंतरच्या उन्हाळ्यात स्टॉक तपासताना मी तो गोळा मोजला होता. ३.८. स्टुलावर बसून राहिले. तू तेव्हा लिफ्टच्या कंपनीत लागून दोन महिने झाले होते, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टच्या खड्ड्यावर लोंबकळत दोर बदलत होतास. मी विचार केला, कार्ड बदललं तर कोणीतरी विचारेल, कधीपासून चुकलं होतं? मग तुझा निकाल, मग माझी नोकरी. कार्ड दाराच्या आत होतं. दार लावलं.

पुढच्या वर्षी कायम झाले. मग बदलायला हरकत नव्हती. पण तोवर कळलं की कोणाचंच काही बिघडत नाही, सगळ्यांचं ९८० येतंच. सव्वीस वर्षं मी त्या वह्यांवर सह्या केल्या आणि मुलांना वर्गात शिकवलं की एक चूक अशी असते जी कधी इकडे कधी तिकडे जाते, ती पुन्हा पुन्हा मोजलं की कमी होते. आणि दुसरी अशी असते जी दर वेळी एकाच बाजूला जाते, ती कितीही वेळा मोजलं तरी तेवढीच राहते. हा धडा मी फार छान घेते. मुलं टाळ्या वाजवतात.

मी तुला आईच्या आजारपणात म्हटलं होतं की तू उगाच डूख धरून बसला आहेस. तेही मागे घेते.

सही कर असं या पत्रात लिहिणार नाही. ते आणि हे वेगळं ठेवायला हवं.

ताई


१२ फेब्रुवारी

छोट्या,

काय काय झालं ते कळवते. तुझ्या मुलीचं आहे म्हणून.

विभागप्रमुखांना सगळं सांगितलं. तुझंही. ते चांगले गृहस्थ आहेत, म्हणजे कोणाचं वाईट होऊ नये म्हणून ते काहीही होऊ देत नाहीत. म्हणाले, बाई, नवा गोळा मागवू, कार्ड गुपचूप काढू, मुलीला ९७९ लिहू द्या, संस्थेत कोण बघतंय. मी म्हटलं, साहेब, ती लिहिणार नाही. ते म्हणाले, मुलं ऐकतात हो, तुम्ही सांगा. मी म्हटलं, मी सांगून बघितलं, एकदा आत्ता आणि एकदा पूर्वी. मग ते चष्मा पुसत बसले. त्यांचा चष्मा फार स्वच्छ असतो.

त्यानंतर मुलीला सांगितलं. स्वयंपाकघरात, उभ्या उभ्या, भाजी चिरताना, कारण हातात काही नसतं तर सांगता आलं नसतं. कार्डाचं, लाल शाईचं, स्टुलाचं. तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, “बाबांना माहीत आहे?”

मी म्हटलं, पत्र टाकलंय.

“मग आधी त्यांना बोलू दे,” म्हणाली, आणि पिशवी भरून मैत्रिणीकडे गेली.

दोन दिवसांनी परत आली. पुस्तकं इथे आहेत म्हणून, असं सांगितलं. मी पुस्तकांचे मनातल्या मनात आभार मानले. तिने जर्नल माझ्यापुढे टेबलावर ठेवलं. प्रयोगाच्या शेवटी चुकीची कारणं लिहायची जागा असते. तिथे मुलं ‘वाऱ्याचा अडथळा’ लिहितात, बंद खोलीतसुद्धा. हिने लिहिलं होतं: ‘कार्डावर नोंदलेलं अंतर ३.२ सेंटिमीटर, प्रत्यक्ष ३.८. दुरुस्ती केल्यावर उत्तर ९८० च्या जवळ येते. कार्ड कोणी लिहिले हे या प्रयोगाच्या कक्षेत येत नाही.’

मी ते तीनदा वाचलं. एवढी दया मला परवडणारी नव्हती. खाली लिहिलं: ‘येते. कार्ड मी लिहिले, हूक माझ्या सांगण्यावरून बदलला, आणि चूक मला पंचवीस वर्षांहून अधिक काळ माहीत होती. याच गोळ्यावर याच उत्तरासाठी एका विद्यार्थ्याचे मार्क कापले गेले, तेही माझ्या शेऱ्यामुळे. विद्यार्थिनीची निरीक्षणे अचूक आहेत.’ सही, तारीख, शिक्का. एक प्रत संस्थेला, एक विभागप्रमुखांना, एक यासोबत तुला.

परवापासून माझ्याकडे प्रयोगशाळा नाही. भांडारात बसवलंय, काचेच्या नळ्या मोजायला. चौकशी होईल म्हणतात. मामा तिथे येऊन माझ्यासमोर बसतात आणि म्हणतात, ताई, डाग मी दिला होता. मी म्हणते, मामा, डाग चांगला होता, सव्वीस वर्षं टिकला.

जर्नल गेलं. आता तुझी सही तेवढी राहिली. वीस तारखेपर्यंत. यापुढे आठवण करून देणार नाही. मुलगी तुला फोन करणार नाही असं म्हणते, तिच्या मते तू कोणाच्या दडपणाखाली सही करू नयेस. मी म्हटलं, अगं, पण तुझी जागा जाईल. ती म्हणाली, जाईल. आणि नखं खात पुस्तक उघडून बसली. पान उलटलं नाही तासभर.

ताई


१६ फेब्रुवारी

ताई,

सही केली. फॉर्म मी स्वतः संस्थेत नेऊन दिला, पोच घेतली. टपालावर विश्वास नाही. मुलीला फोन केला. ती रडली, मग कारण सांगायला लागली की माणूस आनंदातही का रडतो. मी म्हटलं राहू दे.

तुझी सगळी पत्रं वाचली. पहिली दोन फाडायला काढली होती. बायकोने हातातून घेतली.

माफ केलं असं लिहायला बसलो. तीन कागद गेले. जमलं नाही. नाही केलं असं लिहून बघितलं, तेही जमलं नाही. तेव्हा जे जमतं तेवढं लिहितो. आमच्या कामात लिफ्ट मध्येच अडकली की आधी माणूस बाहेर काढायचा. दोर कोणी तपासला नव्हता, सही कोणाची होती, हे सगळं नंतर. बरेच लोक आधी भांडतात. आत माणूस गुदमरतो. म्हणून मुलीचं आधी केलं.

ते दोन मार्क नव्हते ताई. मला लिफ्टचं काम आवडतं, मी त्यात चांगला आहे, आणि माझ्या हाताखाली अकरा माणसं आहेत. मार्क मी कधीच सोडून दिले. पण मी सव्वीस वर्षं प्रत्येक काम दोनदा तपासतो. दोर लावतो, उतरतो, पुन्हा चढतो. माणसं हसतात. मला वाटायचं माझा हातच तसा आहे. तू म्हणाली होतीस ना. काल पहिल्यांदा एक लिफ्ट एकदाच तपासून खाली आलो. खाली येऊन पायरीवर बसलो बराच वेळ. माणसं घाबरली, पाणी घेऊन आली.

रविवारी येतो. सकाळच्या गाडीने. मुलीला बाहेर पाठव. दोन तास लागतील, कदाचित जास्त. मी बोलणार आहे, तू ऐकायचंस. मध्ये विनोद करायचा नाही.